लिनक्सवर नेटवर्क कार्ड चालत नाही तेव्हा

मी झाशीहून बोलते आहे, आणि ऐकणारे तुम्ही पुण्यापासून बडोद्यापर्यंत, इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगावपर्यंत कुठेकुठे आहात. गावं वेगळी, पण हल्ली सगळीकडून प्रश्न एकच येतो: "जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. बाकी सगळं चालतं, नेट तेवढं चालत नाही. कार्ड गेलं का?"

हा प्रश्न आत्ताच का वाढला ते आधी सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मदत थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. मग दहा-बारा वर्षं जुन्या, पण चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपचं काय करायचं? आमच्या उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये सरकारने बारावी झालेल्या मुलांना लॅपटॉप वाटले होते. त्यातले काही अजून घराघरांत पडून आहेत. असं यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणं शहाणपणाचंच. पण नेट नाही म्हणजे आजच्या काळात यंत्र नाही. आणि इथेच लोक घाबरून शे-दीड हजार रुपये घालवतात.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. दिव्याचं बटण दाबल्यावर दिवा लागला नाही तर आपण लगेच दिवा फेकत नाही. बटण, तार, होल्डर, फ्यूज असं एकेक बघत जातो. नेटवर्कचंही तसंच आहे. कार्डापासून वेबसाइटपर्यंत सात कड्या आहेत. कडी कुठली तुटली ते क्रमाने बघायचं. मधली कडी न बघता पुढची दुरुस्त करत बसलं की दिवस जातो.

उदाहरण म्हणून अलीकडचंच एक प्रकरण घेते. इथल्या एका मराठी घरातली मुलगी, नोकरीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता, मुदत तीन दिवसांवर. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर ड्यूटीवर जातो. वडील रेल्वेत लोको पायलट. जुना लॅपटॉप एका दुकानातून लिनक्स घालून आणला होता. वायफायचं चिन्हच दिसत नव्हतं, आणि केबल लावली तरी काही होत नव्हतं. दोन्ही बंद, म्हणजे मदरबोर्डच गेला असं कुणीतरी सांगितलं. मुलीने मला विचारलं, "ताई, नवीन कार्ड घ्यायचं की लॅपटॉपच?" मी म्हटलं, आधी बघू तर दे.

पहिली कडी: यंत्राला कार्ड दिसतं का?

टर्मिनल उघडा आणि एल-एस-पी-सी-आय ही आज्ञा द्या, पुढे एक जागा सोडून डॅश एन-एन-के. सगळी अक्षरं लहान. मदरबोर्डला जोडलेल्या वस्तूंची यादी येते. त्यात दोन ओळी शोधा. केबलचं कार्ड 'इथरनेट कंट्रोलर' या नावाने येतं, वायफायचं बहुधा 'नेटवर्क कंट्रोलर' या नावाने. पुष्कळ जण 'वायफाय' शब्द शोधतात, तो सापडत नाही, आणि कार्ड नाहीच असं ठरवतात. यूएसबीत खोचायचा अडॅप्टर असेल तर तो या यादीत येणार नाही. त्याला एल-एस-यू-एस-बी ही वेगळी आज्ञा आहे.

ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात दोन आकडे दिसतील, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. पहिला आकडा चिप बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, त्यांच्या जुन्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ही जोडी वहीत लिहून ठेवा. लॅपटॉपच्या झाकणावर कुणाचंही नाव असो, मदत शोधताना उपयोगी पडते ती ही जोडी.

यादीत कार्ड मुळीच नसेल, तरच हार्डवेअरवर संशय घ्या. तेव्हाही आधी बायोसमध्ये ते बंद करून ठेवलंय का ते पाहा, आणि कार्ड खाचेत सैल झालंय का ते बघून घ्या.

आमच्या मुलीच्या लॅपटॉपवर दोन्ही कार्डं यादीत होती. मदरबोर्ड गेल्याची भीती एका मिनिटात संपली.

दुसरी कडी: ड्रायव्हर

त्याच यादीत प्रत्येक कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. ती असेल तर कर्नलला त्या कार्डासाठी ड्रायव्हर मिळाला आहे. नसेल तर नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मी त्या मुलीच्या वडिलांच्याच भाषेत सांगितलं. झाशी रेल्वेचं गाव, इथे ते लवकर कळतं. लोको पायलट कितीही अनुभवी असला, तरी ज्या मार्गावरचे सिग्नल, चढ आणि वळणं त्याने आधी फेऱ्या करून शिकलेली नाहीत, तिथे त्याला एकट्याला गाडी देत नाहीत. रेल्वेत याला लर्निंग रोड म्हणतात, बोलताना नुसतं एलआर. कर्नलचंही तेच. त्या चिपचा 'एलआर' झालेला ड्रायव्हर नसेल, तर इंजिन उभं आहे, डबे जोडलेत, पण गाडी सुटणार नाही. काका हसले, म्हणाले, "म्हणजे क्रू मिळाला नाही म्हणून गाडी थांबली." अगदी तसंच.

ड्रायव्हर का मिळत नाही? मुख्य कारणं दोन. एक, कार्ड नवं आणि कर्नल जुनं. रिअलटेकची ८८२१सीई ही स्वस्त लॅपटॉपांत फार दिसणारी वायफाय चिप. तिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला तो ५.९ आवृत्तीत, ऑक्टोबर २०२० मध्ये. उबुंटू २०.०४ एप्रिल २०२० ची, तिचं मूळ कर्नल ५.४. त्यामुळे तेव्हा ती टाकणाऱ्या हजारो लोकांना वाटलं कार्ड खराब आहे. उपाय एवढाच की नव्या कर्नलची आवृत्ती घ्यायची. आज लिनक्स टाकत असाल तर पेनड्राइव्हवर ताजी आवृत्तीच घ्या. दहा वर्षांपूर्वीचं यंत्र आहे म्हणून दहा वर्षांपूर्वीचं लिनक्स, असा हिशेब करू नका. जुन्या चिपचे ड्रायव्हर नव्या कर्नलमध्येही बहुतेक असतातच.

दुसरं कारण, ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असतो आणि तो वेगळा टाकावा लागतो. इथे सिक्युअर बूट आडवा येतो. सही नसलेला ड्रायव्हर तो आत घेत नाही. उबुंटूसारख्या आवृत्त्या तेव्हा एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो. तिथे किल्ली नोंदवायची आणि तोच पासवर्ड द्यायचा. बरेच जण तो पडदा घाईत ओलांडतात आणि मग ड्रायव्हर टाकूनही चालत नाही म्हणून हैराण होतात.

आमच्या लॅपटॉपवर दोन्ही कार्डांना ड्रायव्हर होता. पुढे चला.

तिसरी कडी: फर्मवेअर

वायफाय कार्ड स्वतःच एक छोटा संगणक असतो. पण पुष्कळ कार्डांमध्ये त्यांचा स्वतःचा प्रोग्राम कायमचा साठवलेला नसतो. वीज आली की ते कोऱ्या पाटीसारखं उठतं, आणि ड्रायव्हर हार्ड डिस्कवरची एक फाइल उचलून त्यात ओततो. ती फाइल म्हणजे फर्मवेअर. ड्रायव्हर हजर, पण ही फाइल नाही, तर कार्ड गप्प.

हे कळतं कर्नलच्या रोजनिशीतून. सुडो, मग डी-एम-ई-एस-जी. भलंमोठं काहीतरी येतं, घाबरू नका. त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधा. आमच्या लॅपटॉपवर ओळ होती की अमुक फाइल लोड झाली नाही, चूक क्रमांक उणे २. लिनक्समध्ये चूक क्रमांक २ चा अर्थ ठरलेला आहे: अशी फाइल किंवा फोल्डर नाही. म्हणजे कर्नल स्पष्ट सांगत होतं, मला काय पाहिजे आणि ते कुठे नाही. आपण ते वाचत नाही, एवढंच.

ही फाइल का नसते, यामागे तत्त्वाचा वाद आहे. ड्रायव्हर मुक्त असतो, पण फर्मवेअर बहुधा कंपनीचं बंद असतं, त्याचा सोर्स कोड मिळत नाही. डेबियनने तत्त्व म्हणून ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवलं नव्हतं. तत्त्व चांगलं, पण नवख्या माणसाचं वायफाय पहिल्याच दिवशी बंद. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून नियम बदलला, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच येऊ लागलं. कंपन्याही बदलल्या. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांसाठी लोकांना वर्षानुवर्षं उलट-अभ्यास करून ड्रायव्हर लिहावे लागले. नाहीतर विंडोजचाच ड्रायव्हर एनडीआयएस-रॅपर नावाच्या वेष्टणात घालून चालवावा लागे. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः मुक्त ड्रायव्हर दिला.

आता अडचण अशी, की फर्मवेअर आणायला नेट लागतं आणि नेटसाठी फर्मवेअर लागतं. यावरची युक्ती आजच्या भाषणातली सगळ्यात कामाची. तुमचा फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला फोन हे केबलचं नेटवर्क कार्ड वाटतं, आणि त्याचा ड्रायव्हर बहुतेक आवृत्त्यांत आधीच असतो. वायफाय, इथरनेट काही नसलं तरी चालतं. नुसत्या चार्जिंगच्या तारेने होणार नाही, डेटा जाणारी केबल हवी.

काकांचा फोन जोडला. नेट आलं. पण पॅकेजांची यादी ताजी करायला गेलो तर लिनक्स म्हणालं, ही यादी 'अजून वैध झालेली नाही'. हे सातव्या कडीचं काम आहे. तिथे सांगते.

चौथी कडी: रेडिओ बंद तर नाही?

आर-एफ-किल ही आज्ञा, पुढे लिस्ट. प्रत्येक रेडिओसमोर दोन खाणी दिसतात: सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलेला. तो 'आर-एफ-किल अनब्लॉक ऑल' म्हटलं की उघडतो. हार्ड म्हणजे खरं बटण. जुन्या लॅपटॉपांच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, नाहीतर फंक्शन किल्लीबरोबर विमानाच्या चित्राची किल्ली. मुलं खेळताना ती दाबली जाते आणि महिनाभर घरातलं 'वायफाय गेलेलं' असतं.

पाचवी कडी: दुवा

आय-पी लिंक ही आज्ञा द्या. कार्डांची नावं दिसतील. जुन्या काळची ईटीएच-शून्य, डब्ल्यूएलएएन-शून्य ही नावं आता क्वचितच दिसतात. आता ईएनपी३एस० किंवा डब्ल्यूएलपी२एस० अशी असतात. ईएन म्हणजे इथरनेट, डब्ल्यूएल म्हणजे वायरलेस, पुढचे आकडे म्हणजे कार्ड मदरबोर्डवर कुठल्या जागी बसलंय त्याचा पत्ता. म्हणूनच आत नवी डिस्क बसवली की कधी कधी कार्डाचं नाव बदलतं, आणि जुन्या नावाने केलेल्या सेटिंग्ज निकामी होतात.

केबलच्या कार्डासमोर 'नो-कॅरिअर' दिसलं, तर अर्थ एवढाच की केबलच्या दुसऱ्या टोकाला कुणी बोलत नाहीये. आमच्याकडे तेच होतं. राउटरकडून येणाऱ्या केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ मोडलेली, टोक खोबणीत नीट बसतच नव्हतं. दुसरी केबल लावली, दिवा लुकलुकला. म्हणजे 'दोन्ही कार्डं गेली' या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी होती: वायफायला फर्मवेअर नाही, इथरनेटला केबल नाही. दोन लक्षणं एकदम दिसली म्हणून कारण एकच असेल असं नसतं.

सहावी कडी: पत्ता आणि वाट

कार्ड चालू, दुवा चालू, तरी नेट नाही? आय-पी अ‍ॅडर म्हणा. 'आयनेट' शब्दापुढे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा असेल तर राउटरने घराचा पत्ता दिला आहे. नसेल तर राउटर एकदा बंद-चालू करा, वायफायचा पासवर्ड तपासा.

मग तीन हाका मारा. पिंग करून आधी राउटरला, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. राउटर ओ देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे कंपनीच्या लाइनीत. आकडा ओ देतो पण नाव देत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. या दोन्हीत तुमच्या कार्डाचा काही दोष नाही.

सातवी कडी: घड्याळ

ही कडी फारसं कुणी मोजत नाही. जुन्या लॅपटॉपमधला घड्याळाचा छोटा सेल संपलेला असतो, मुख्य बॅटरीही मेलेली. वायर काढली की यंत्र तारीख विसरतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. लॅपटॉप काही वर्षं मागे असेल तर त्याला आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं, आणि तो साइट उघडत नाही. पॅकेजांच्या यादीचं तेच. पिंग चालतं, साइट एकही उघडत नाही, आणि घरात ठरतं की कार्ड अर्धवट गेलंय.

आमच्या लॅपटॉपची तारीख काही वर्षं मागे होती, आणि वेळ आपोआप जुळवायची सोय बंद होती. तारीख नीट केली, ती सोय चालू केली, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. वायफायचं चिन्ह आलं. अर्ज त्याच संध्याकाळी भरला गेला. खर्च एका केबलचा, आणि नंतर एका सेलचा.

आता मोठ्या जगातली एक गोष्ट. 'दोष जिथे दिसतो तिथे असेलच असं नाही' याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२७ ची चाचणी चालू होती. काही लोकांच्या यंत्रांत इंटेलची केबलची कार्डं खरोखर मरू लागली. कार्डाच्या आत कायमची साठवलेली माहितीच पुसली जात होती, त्यामुळे पुन्हा विंडोजमध्ये गेलं तरी ते उठत नसे. सगळ्यांचा संशय ई१०००ई या ड्रायव्हरवर. अनेक लिनक्स आवृत्त्यांनी तो बंद केला. आठवडे शोध चालला. शेवटी सापडलं ते भलतंच: कर्नलमध्ये कुठलं फंक्शन कधी चालतं याचा माग ठेवणारी एफ-ट्रेस नावाची सोय. तिने कोडचे काही पत्ते टिपून ठेवले होते. तो कोड काम संपल्यावर हलवला गेला आणि तीच जागा नेटवर्क कार्डाच्या स्मृतीला दिली गेली. एफ-ट्रेस मात्र जुन्या पत्त्यावर जाऊन लिहीत राहिली. भाडेकरू बदलला, पण पोस्टमन जुन्याच नावाची पत्रं टाकत राहिला. ऑक्टोबरमध्ये आधी कार्डाच्या स्मृतीला कुलूप घातलं गेलं, मग एफ-ट्रेसचा तो भाग बंद केला गेला. ड्रायव्हर निर्दोष होता.

आता नेहमी येणारे तीन प्रश्न.

"परवापर्यंत वायफाय होतं, अपडेटनंतर गेलं." यंत्र सुरू होताना ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुनं कर्नल असतं, ते निवडा. त्यावर वायफाय चाललं तर बाहेरून टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेला नाही. डीकेएमएस ही सोय वापरून तो टाकला, तर पुढच्या अपडेटला तो आपोआप बांधला जातो.

"एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोजमध्ये वायफाय चालतं, लिनक्समध्ये कधी चालतं, कधी नाही." विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, आणि कार्ड त्याच्याच ताब्यात अडकून राहतं.

"यूएसबी अडॅप्टर घेऊ का?" घ्या, पण डब्यावरचं नाव बघून घेऊ नका. एकाच नावाच्या डब्यात व्हर्जन बदललं की आत वेगळी चिप निघते. विकत घेण्याआधी चिपचं नाव विचारा, आणि तिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे का ते पाहा.

आणि हे सगळं करूनही अडलात, तर मदत मागा, पण नीट मागा. "नेट चालत नाही" एवढंच लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही. चार गोष्टी द्या: चिपची ती आकड्यांची जोडी, यू-नेम डॅश आर म्हटल्यावर येणारा कर्नलचा आकडा, रोजनिशीतल्या त्या कार्डाच्या ओळी, आणि सातपैकी कुठल्या कडीपर्यंत सगळं ठीक आहे. पासवर्ड आणि कार्डाचा मॅक पत्ता मात्र झाकून द्या. एवढं दिलंत तर उत्तर देणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. आणि पुष्कळदा असं होतं की हे चार मुद्दे लिहिता लिहिताच तुटलेली कडी तुमची तुम्हालाच दिसते.

आज इतकंच. वही जवळ ठेवा, आणि कार्ड बदलण्याआधी केबल बदलून बघा. नमस्कार.